बाजूनं पाहा, मग भंगार म्हणा

मित्रांनो, बोलायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट ठरवून घेऊ. मी जुना आहे, हे मला मान्य आहे. मी जड आहे, तापतो, वीज जास्त खातो, हेही मान्य. पण भंगार हा शब्द माझ्यासमोर कोणी काढायचा नाही. ज्याला काढायचाच असेल त्यानं आधी आमच्या घरी यावं, स्वयंपाकघराच्या दारातल्या विमलताईंच्या खुर्चीवर बसावं, तिथून माझ्याकडे पाहावं आणि मग काय ते बोलावं.

मी एक प्लाझ्मा टीव्ही आहे, बेचाळीस इंची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलं नसेल, कारण माझी जमात बनवणं कारखान्यांनी केव्हाच सोडून दिलं. माझ्या काचेच्या आत लाखो बारीक खण आहेत. त्यांत वायू भरलेला आहे. वीज आली की प्रत्येक खण स्वतःच उजळतो. आजच्या बहुतेक टीव्हींना मागून दिवा लावावा लागतो आणि पुढच्या पडद्यानं तो अडवत-सोडत चित्र दाखवावं लागतं. मला कोणाच्या दिव्याची गरज नाही. माझा उजेड माझ्या अंगचा आहे, म्हणून समोरून पाहा, डावीकडून पाहा, उजवीकडून पाहा, माझा लाल तो लालच राहतो.

मला या घरात आणलं वामनरावांनी. साल दोन हजार अकरा. पुसदच्या एका दुकानात मी दोन महिने तसाच उभा होतो. गिऱ्हाईक यायचं, मला हात लावून पाहायचं, चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचं आणि शेजारच्या हलक्याफुलक्या एलसीडीकडे वळायचं. त्यात माझ्या अंगावर 'एचडी रेडी' अशी चकती चिकटवलेली. तेव्हा आसपासच्या गावांत एचडी चॅनल कोणाकडेच नव्हतं. मी तयार होतो, गावं तयार नव्हती, आणि बोल मात्र मला लागायचा.

वामनराव आले ते बाजारात कापूस देऊन. उमरखेडच्या रस्त्यावर त्यांचं गाव, घरची शेती, कापूस आणि तूर. कापूस पाहणारा जाणकार गाडीच्या वरचा कापूस कधी पाहत नाही. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात. तो बाजूनं कोपरापर्यंत हात घालतो आणि आतला मूठभर बाहेर काढतो. वामनरावांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. दुकानदार त्यांना प्रत्येक टीव्हीसमोर उभं करत होता आणि ते प्रत्येक वेळी सरकून बाजूला जात होते. भिंतीला खेटून, मान वाकडी करून पाहत होते. एकामागून एक टीव्ही त्यांना बाजूनं पांढरट दिसले. मग ते माझ्यापाशी आले, डावीकडे गेले, उजवीकडे गेले, आणि म्हणाले, "हा बाजूनं बी खरा हाय. बांधून द्या."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझं इतकं नेमकं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

घरी आल्यावर मला कळलं की हा माणूस बाजूनं का पाहत होता. आमची बैठक लांबट आहे. एका टोकाला अंगणाचं दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं. मी एका लांब भिंतीच्या मधोमध. समोरच्या भिंतीला एक मोठी खिडकी. शेतात दहीभात शिंपडून सीतादहीची पूजा झाली, वेचणी सुरू झाली, की कापूस या बैठकीत येऊ लागतो. दिवाळीपर्यंत समोरची भिंत दिसेनाशी होते, मग खिडकी, आणि शेवटी माझ्यासमोर तीन हातांची एक वाट तेवढी उरते. भाव मनासारखा येईपर्यंत कापूस तिथून हलत नाही, म्हणजे बहुधा होळीपर्यंत. त्या वाटेवरून अंगणातून स्वयंपाकघरात सगळ्यांची ये-जा, तिथं कोणी बसायचं नाही. मग माणसं बसतात दोन टोकांना. अंगणाच्या दाराशी बाकावर पुरुषमंडळी, आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून वामनरावांची बायको विमलताई. वर्षातले चार महिने माझ्या अगदी समोर बसून टीव्ही पाहतो तो फक्त कापूस.

ते दिवस माझे होते. एका हिवाळ्यात क्रिकेटच्या अंतिम सामन्याला अर्धं गाव या दोन दारांत उभं होतं आणि एकानंही चित्र फिकं म्हणून नाक मुरडलं नाही. वामनरावांची नात वैष्णवी मी आलो तेव्हा तीन वर्षांची होती. ती माझ्या काचेवर नाक टेकवून पाहायची आणि विमलताई पदरानं ते डाग पुसायच्या. दर शनिवारी विमलताई माझा खटका भिंतीपासून बंद करत, मी निवेपर्यंत थांबत आणि एका मऊ ब्रशनं माझ्या पाठीच्या जाळीतला कापसाचा तंतू न् तंतू काढत. घरात कापूस आणि पाठ तापणारा मी, दोघांनी एकत्र राहायचं तर एवढी शिस्त हवीच, असं त्यांचं म्हणणं. हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी दिलं नाही.

वामनराव गेले त्याला सहा वर्षं झाली. शेवटचे काही महिने ते बाकावर आडवे होऊन मला पाहत. त्यानंतर शेती आणि घर त्यांच्या मुलाच्या, नयनच्या, हाती आलं. नयन वाईट नाही. पण त्याला माझी लाज वाटू लागली होती. त्याच्या मित्रांच्या घरी भिंतीला चिकटलेले पातळ टीव्ही होते आणि मी एखाद्या कपाटासारखा उभा.

गेल्या भाद्रपदात त्यानं मनावर घेतलं. पंधरा दिवस त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी, फुल एचडी, फोर के. जेवताना मोबाइलवर टीव्हींच्या तुलना पाहायचा आणि बायकोला, मोनालीला, समजावून सांगायचा. ओएलईडीचा ठिपका न् ठिपका स्वतः उजळतो, मागे दिवा लागत नाही, हे त्यानं असं सांगितलं की जणू काल शोध लागला. मी समोरच उभा होतो. चौदा वर्षं मी दुसरं काय करत होतो, असं मला ओरडून विचारावंसं वाटलं. पण टीव्हीला आवाज दुसऱ्यांचाच असतो.

पुसदच्या दुकानात काय झालं ते मी पाहिलं नाही, पण नयननं घरी येऊन ते तीनदा सांगितलं, त्यामुळे मला पाठ आहे. श्रेयस नावाचा विक्रेता होता. दुकानात काळोखी, गारवा, भिंतभर टीव्ही. ओएलईडी आवाक्याबाहेर, म्हणून तो बाजूला ठेवला. मग श्रेयसनं दोन एलईडी शेजारी शेजारी लावले. एकाचा काळा रंग समोरून डोहासारखा खोल, दुसऱ्याचा थोडा राखी. नयनला अर्थातच खोल काळा आवडला. श्रेयसनं विचारलं, खोलीत बसता कुठं, समोर की बाजूला? नयननं घरून टेपनं खोली मोजून नेली होती. त्यानं छातीठोकपणे सांगितलं, समोर, चांगलं अकरा फुटांवर, बैठक मोठी आहे.

मित्रांनो, भाद्रपदात बैठक मोठीच असते. कारण भाद्रपदात तिच्यात कापूस नसतो.

नवा आला. पंचावन्न इंची, फोर के, अंगानं पापडासारखा. भिंतीत भोकं पाडून त्याला पुढे-मागे वळणाऱ्या कांबीवर टांगला. खोटं कशाला बोलू, समोरून तो माझ्यापेक्षा सरस आहे. साडीच्या काठातला धागा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मला दोघांनी उचलून मागच्या पडवीत नेलं आणि फवारणीच्या पंपाशेजारी, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. चौदा वर्षं घराला जग दाखवलं त्याचं तोंड भिंतीकडे. त्याच आठवड्यात भंगारवाला बाबुलाल येऊन मला पाहून गेला. त्यानं मला जरा तिरपं करून वजनाचा अंदाज घेतला आणि दिवाळीनंतर टेम्पो आणतो म्हणाला. मी मनातल्या मनात त्याला काय म्हणालो ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

मग वेचणी सुरू झाली आणि कापूस आपल्या जागेवर येऊन बसला. पडवीची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. पहिल्यांदा बोलल्या त्या विमलताई. त्या म्हणाल्या, "नयन, तुह्या टीव्हीत माणसं राखेत लोळल्यावानी दिसून राह्यली."

नयननं डोळ्यांचा नंबर तपासायला सुचवलं. त्याच वर्षी विमलताईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या सुई ओवत होत्या. मग त्यानं रंग वाढवून पाहिले. मग टीव्ही थोडा पुढे ओढून स्वयंपाकघराकडे वळवला, तर बाकावरची मंडळी ओरडली की आता आम्हाला धुकं दिसतंय. पुन्हा सरळ केला. शेवटी त्यानं श्रेयसला फोन लावला. श्रेयसनं शांतपणे समजावलं की पडद्याचे दोन प्रकार असतात. व्हीए म्हणतात त्याचा काळा रंग समोरून खोल दिसतो, पण बाजूला सरकलं की चित्र फिकं पडतं. आयपीएस म्हणतात त्याचा काळा थोडा राखी, पण तो बाजूनंही बराचसा टिकतो. तुम्ही समोर बसतो म्हणालात म्हणून पहिला दिला. आता तो परत घेता येणार नाही.

हे सगळं विमलताईंनी कदाचित सोडून दिलं असतं. फिक्या चित्रातल्या मालिका त्यांनी ऐकून काढल्या असत्या. आजवर घरात त्यांनी बरंच काही असंच सोडून दिलं होतं. पण मार्गशीर्षात नयनच्या मुलीचा, वैष्णवीचा, फोन आला. ती आता सतरा वर्षांची झाली होती, पुसदला शिकत होती आणि खो-खो खेळत होती. तिची विदर्भाच्या मुलींच्या संघात निवड झाली होती. सामने दूर दुसऱ्या राज्यात होते, पण इंटरनेटवर थेट दिसणार होते. फोन आजीला द्या म्हणाली. तिनं आजीला एवढंच विचारलं, की तू पाहशील ना, नुसतं ऐकणार नाहीस ना? विमलताईंनी पाहीन म्हणून शब्द दिला.

फोन ठेवल्यावर नयन म्हणाला, तेवढ्यापुरतं आई तू वाटेत येऊन बस. विमलताईंनी विचारलं की तीन हातांवरून पंचावन्न इंचावर धावणारी पोरगी पाहायची कशी, मान इकडून तिकडे हलवत? आणि त्यांचे गुडघे, आणि त्या दिवशी गावातली येणारी-जाणारी माणसं? नयन म्हणाला, मग कापूस थोडा आधी विकून टाकू. मग विमलताई बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"कापूस आपल्या वेळेवर जाईन. मी पोरीले पाहीन ते माह्या खुर्चीवरून पाहीन. कापूस हालत नाई, मी बी हालत नाई. हालवाचा तं टीव्ही हालव."

"कोणता?" नयननं विचारलं.

"पडवीतला."

नयननं खूप कारणं सांगितली. तो तापतो, घरात कापूस आहे. विमलताई म्हणाल्या, चौदा वर्षं होताच की, अन् दर शनिवारी त्याची पाठ कोण साफ करत होतं? त्याला इंटरनेट कळत नाही, असं नयन म्हणाला. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली मोनाली म्हणाली की त्याच्या पाठीला एचडीएमआयची खाच आहे, बाजारात बोटाएवढी कांडी मिळते, ती लावली की त्यालाही इंटरनेट कळेल. तिचा स्टूलही स्वयंपाकघराच्याच टोकाला होता, हे नयनच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मला पुन्हा बैठकीत आणलं आणि नव्याच्या खाली एका लाकडी पेटीवर ठेवलं. खटका दाबला. मित्रांनो, इथं मला खाली मान घालावी लागते. मी 'टक्' केलं, एकदा उजळलो आणि विझलो. दुसऱ्यांदाही तेच. बाबुलालचा नंबर शोधायला नयननं मोबाइल काढला. सामना दुसऱ्या दिवशी होता. विमलताईंनी खटका भिंतीपासून बंद केला, पदर खोचला आणि ब्रश मागितला. माझ्या पाठीच्या पंख्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. पंखा फिरत नव्हता, म्हणून जळून जाऊ नये यासाठी मीच स्वतःला बंद करून घेत होतो. पडवीत तोंड फिरवून ठेवलेल्या माणसाच्या पाठीत कोण घर करतंय हे त्याला कसं कळावं? विमलताईंनी काडीनं माती काढली, जाळी झाडली, आणि तिसऱ्यांदा मी उजळलो तो उजळलोच.

सामन्याच्या दुपारी नयन म्हणाला, दोन्ही टीव्ही लावू. त्यात त्याची जिद्द होती आणि मला ती आवडली. मलाही आडून जिंकायचं नव्हतं. वर तो, खाली मी, एकच सामना. माझ्या काचेला उजेडाचं वावडं आहे, बाहेरचं ऊन पडलं की मी मंद दिसतो. पण खिडकी कापसानं कधीच झाकली होती, आणि अंगणाच्या दारावर मोनालीनं चादर टांगली. विमलताई खुर्चीवर बसल्या. नयन मुद्दाम त्यांच्या मागे येऊन उभा राहिला.

मुली धावू लागल्या. वरच्या पडद्यावर, त्या खुर्चीतून, दोन्ही संघांचे गणवेश एकाच राखाडी रंगाचे वाटत होते आणि धावणाऱ्या मुलीमागे तिचीच पुसट सावली ओढली जात होती. माझ्यात पिवळा पिवळा होता, निळा निळा होता, आणि पाय पायासारखे दिसत होते. वैष्णवी ओळीत बसली होती. तिला खो मिळाला. ती उठली, ओळीच्या कडेनं धावली, खांबाला एका हाताचा विळखा घालून तिनं सूर मारला आणि पळत्या मुलीच्या टाचेला बोटं लावली. विमलताईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

थोड्या वेळानं नयननं रिमोट उचलला आणि वरचा टीव्ही बंद केला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि नंतरही कोणी त्याबद्दल त्याला डिवचलं नाही. मोनालीनं फक्त तिचा स्टूल त्याच्याकडे सरकवला.

विदर्भाच्या मुली दोन गुणांनी हरल्या. संध्याकाळी वैष्णवीचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. हरलो म्हणाली. मग विचारलं, "आजी, खरं सांग, दिसली का मी तुले?"

"दिसली. डाव्या गुडघ्याले खरचटलं तुह्या. सूर मारला तवा. हळद लावली का?"

पलीकडे ती पोरगी रडू लागली, आणि रडता रडता म्हणाली की अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी बाबुलाल टेम्पो घेऊन आला. विमलताई खुर्चीतून उठल्याही नाहीत. त्यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की टेम्पो रिकामाच न्यावा लागेल. कापूस घरात असेतो बैठकीत हा राहील, कापूस गेला की नयनचा. बाबुलाल हसला, म्हणाला, ताई, हा किती दिवस चालणार? जीव गेला की मलाच बोलवाल. विमलताई म्हणाल्या, "याचा जीव जाईन तवा पुसदच्या दुकानात मी सोता जाईन. माही खुर्ची घेऊन."

नयन तिथंच होता. तो म्हणाला, मी येतो खुर्ची उचलायला.

तर मित्रांनो, माझा जीव एक दिवस जाणार आहे. माझ्या काचेचा एक कोपरा हिरवट पडू लागला आहे आणि माझे सुटे भाग आता कुठं मिळत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, पण मी कोणाची दया मागत नाही. मागायचंच तर दोन गोष्टी मागतो. घरातल्या जुन्या यंत्राची पाठ अधूनमधून झाडत जा, पण आधी खटका बंद करून. आणि नवा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा खोली मोजण्याआधी घरातली माणसं मोजा. प्रत्येक घरात एक माणूस असं असतं, जे दारात बसतं, चुलीवर लक्ष ठेवून पाहतं, आणि चित्र फिकं दिसलं तरी काही बोलत नाही. दुकानात त्या माणसाच्या जागेवर जाऊन उभे राहा. तिथून जो खरा दिसेल तो घरी आणा.

बाकी बाबुलाल, त्याचा टेम्पो आणि माझं वजन, ते माझं मी पाहून घेईन.